पाहिलं की दुप्पट

डहाणू-तलासरीच्या पट्ट्यात तीन पत्तीचा डाव मांडायला पाच मिनिटं लागतात आणि सुरू व्हायला पाऊण तास. निमित्त कुठलंही चालतं. गणपतीचं जागरण, हळदीची रात्र, नाही तर १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते तेव्हाची पावसाळी दुपार. सतरंजी अंथरली जाते, कुणाच्या तरी पिशवीतून पत्त्यांचा कॅट निघतो. त्यातला केव्हाच हरवलेला चौकटचा अठ्ठा लग्नपत्रिकेच्या पुठ्ठ्यावर बॉलपेनने काढलेला असतो (तो कुणाकडे आलाय हे सगळ्यांना कळतं, पण बोलायचं नाही असा संकेत आहे). मग नियमांची चर्चा सुरू होते. चिंचणीचे काका जाहीर करतात, "एक्का-बादशहा-राणी एक नंबर, एक्का-दुर्री-तिर्री दोन नंबर." संजाणहून आलेले भाई मान हलवतात, "अमारे त्यां तो ए सौथी मोटी." तलासरीचे जावई म्हणतात, "आमच्याकडे ती सगळ्यात छोटी." जावई असल्यामुळे त्यांचं कुणी खोडून काढत नाही आणि मानतही नाही. १९६० साली राज्यं वेगळी झाली तेव्हा ठाणे जिल्ह्याच्या उंबरगाव तालुक्यातली बरीचशी गावं गुजरातेत गेली. सीमा आखणाऱ्यांनी गावं मोजली, शिवार मोजलं, पण एक्का-दुर्री-तिर्री कोणत्या राज्यात किती मोठी हे काही लिहून ठेवलं नाही. गंमत म्हणजे जुगार पकडायचा कायदा सीमेवरच्या आच्छाड नाक्याच्या दोन्ही बाजूंना मूळचा एकच, मुंबई इलाख्यातला, १८८७ सालचा. पकडायचे नियम एक आणि खेळायचे घरागणिक निराळे.

या सगळ्या गोंधळात एका नियमावर मात्र कुणाचंच दुमत नसतं, आणि माझं म्हणणं एवढंच आहे की सगळा खेळ त्या एका नियमात आहे. ज्यानं स्वतःची पानं पाहिली त्यानं दुप्पट भरायचं. पानं तुमचीच असतात, तुम्हालाच वाटलेली, तुमच्याच मांडीसमोर पालथी पडलेली. ती नुसती उचलून पाहिली की चाल दुप्पट. न पाहता बसून राहिलात तर निम्म्या दरात काम भागतं. जगातल्या बहुतेक खेळांत माहिती असणाऱ्याचा फायदा होतो, इथे माहिती असणाऱ्याला दंड आहे. इतका उघड कर कुठल्या अर्थमंत्र्यालाही अजून सुचलेला नाही. लोक तीन पत्तीला नशिबाचा खेळ म्हणतात. मला तो सरळसरळ कुतूहलावरचा कर वाटतो, आणि तो इतक्या आनंदानं भरला जातो की आयकर खात्यानं एकदा येऊन अभ्यास करावा.

हिशेब मांडूनच दाखवतो. पैसे नकोत, कायदा जुना असला तरी शाबूत आहे. घोलवड-बोर्डीच्या वाड्यांत चिकूला तोटा नाही, या चिकूला २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळालंय, तेव्हा आपण मानांकित बिया वापरू. काळी, चकचकीत, एका कडेला पांढरी रेघ आणि टोकाला बारीक आकडी. ती आकडी सतरंजीच्या धाग्यात अडकते, त्यामुळे बी घरंगळत शेजाऱ्याच्या ढिगात गेली ही सबब चालत नाही. पाच जण बसले. प्रत्येकानं एक बी बूट म्हणून मध्ये टाकली. तीन-तीन पानं पालथी वाटली. पहिला ब्लाइंड खेळतो आणि एक बी टाकतो. ब्लाइंडवाल्याला चालू दराइतकं, फार तर त्याच्या दुप्पट टाकता येतं. दुसराही ब्लाइंडच, पण बाणेदार, तो दोन टाकतो. दर झाला दोन. तिसरे आपले मास्तर. ते पानं उचलतात, चष्मा सारखा करतात, पुन्हा पाहतात. आता त्यांना दराच्या दुप्पट ते चौपट, म्हणजे चार ते आठ. ते चार टाकतात. आणि इथे खरी मेख आहे. चार टाकूनही दर दोनच राहतो, कारण पाहणाऱ्याची चाल निम्मीच धरायची असते. चौथा गडी पानांना हात न लावता चार टाकतो आणि दर एकदम चारवर जातो. दोघांच्या बिया चार-चारच, एकाच झाडाच्या. पण अज्ञानाच्या चार पूर्ण चार आणि मास्तरांच्या चार दोनाच्या भावानं मोजलेल्या. पाचव्यानं पानं पाहिली की त्याला किमान आठ. एका फेरीत मध्ये २४ बियांचा ढीग झाला, एकापासून निघालेली चाल आठपर्यंत गेली, आणि पाचातल्या तिघांना अजून आपण काय घेऊन बसलोय याचा पत्ता नाही. चेहरे मात्र त्या तिघांचेच प्रसन्न आहेत.

इथे पहिला आक्षेप येतो तो गणिताच्या माणसाचा. त्याचं म्हणणं असं की ही सवलत नाहीच, ही धोक्याची भरपाई आहे. ५२ पानांतून तीन पानांचे हात होतात २२,१००. त्यांतल्या १६,४४० हातांत ना जोडी, ना कलर, ना सिक्वेन्स. म्हणजे न पाहता खेळणारा चारातल्या तीन वेळा कचराच घेऊन बसलेला असतो. त्याला निम्मा दर लावला तर बिघडलं कुठं? आकडे बरोबर आहेत. आता त्याच आकड्यांनी मास्तरांकडे पाहू. समजा त्यांच्याकडे राण्यांची जोडी आहे. २२,१०० पैकी राण्यांच्या जोडीला मारणारे हात अडीच हजारांच्या आतच. म्हणजे समोरच्या पालथ्या पानांना मास्तर शंभरात अठ्ठ्याऐंशी वेळा भारी. दुप्पट काय, तिप्पट भरावी लागली तरी त्यांनी पान खात निवांत बसावं. बसतात का? ते आपली जोडी एकदा पाहतात. दुसऱ्यांदा पाहतात. मग समोरच्याच्या न हललेल्या तीन पानांकडे पाहतात. याने अजून उचलली कशी नाहीत? याला काही माहीत आहे का? वाटताना दिसली असतील का? तिसऱ्या चालीला त्यांना आपल्या राण्यांच्याच चेहऱ्यावर काळजी दिसायला लागते. गणितवाल्याचं गणित पानांपुरतं खरं आहे, पण चाल पानं देत नाहीत, मास्तर देतात.

शिवाय गणितवाल्यानं पुढचं कलम वाचलेलं नसतं. शेवटी दोघेच उरले, एक पाहिलेला आणि एक न पाहिलेला, तर पाहिलेल्याला शो, म्हणजे पानं उघडून निकाल, मागता येत नाही. न पाहिलेला मागू शकतो, तोही एकेरी दरात. पाहिलेल्यापुढे दोनच वाटा. दुप्पट भरत राहा, नाही तर पॅक करा, म्हणजे पानं टाकून डाव सोडा. मग अशी बोलणी चालतात:

"भावोजी, आता तरी बघा ना एकदा."

"कशाला? बरं चाललंय की."

"अहो, पण काय आहे ते कळेल तरी!"

"तुम्हाला कळलंय ना? मग तुम्ही भरा."

यावर उत्तर नाही. काही घरांत यावर उपाय म्हणून चार फेऱ्यांनंतर पानं पाहायची सक्ती करतात. पण त्या चार फेऱ्या मोजायच्या कुणी? मोजणारा अर्थातच तो, जो आतापर्यंत दुप्पट भरत आलाय, आणि त्याची मोजदाद कुणी धरत नाही. आपल्याकडे ग्रामसभेतही अहवाल वाचून आलेल्या माणसालाच खुलासे द्यावे लागतात, न वाचलेला हात वर करून जेवायला घरी जातो. पाहिलेल्यांच्या या जमातीत आम्हा लेख लिहिणाऱ्यांचा नंबर फार वरचा. तिन्ही पानं पाहून, त्यावर विचार करून, दोन्ही बाजू मांडून झाल्यावर आम्हाला चाल सुचते, तोवर पुढचा डाव वाटून झालेला असतो.

पाहिलेल्यांचंही दुःख कुणीतरी ओळखलं असावं, म्हणून साईड शो निघाला. पाहिलेल्या खेळाडूनं आपली चाल भरून झाल्यावर आपल्या आधीच्या पाहिलेल्या खेळाडूला विचारायचं, साईड शो देता का? आधी पैसे, मग प्रश्न. आणि प्रश्नाला नकार मिळाला तर पैसे परत नाहीत. होकार मिळाला तर दोघांनी एकमेकांची पानं गुपचूप पाहायची, छोट्यानं पॅक करायचं. दोघांची सारखी निघाली तर ज्यानं विचारलं त्यानं पॅक करायचं. बघा, इथेही विचारणाराच दोषी. पण साईड शोची खरी मजा त्यानंतर सुरू होते. दोन डोकी ट्यूबलाइटखाली जवळ येतात, तिसरा मान लांब करतो, चौथा पाणी पिण्याच्या निमित्तानं उठून मागून जातो. एक जण पॅक करतो. आता त्याच्याकडे माहितीच माहिती आहे आणि ती सांगायची बंदी आहे. "काय होतं रे त्याच्याकडे?" "ते सांगता येत नाही." "म्हणजे मोठं होतं." "मी कुठं म्हटलं?" "मग छोटं होतं, आणि तुझं त्याहूनही छोटं." तो बिचारा मान हलवत नाही, डोळे वर करत नाही, उठून चहा आणायलाही जात नाही, कारण नुसतं उठण्याचाही अर्थ लावला जातो. आणि साईड शो नाकारणाऱ्याचं वेगळंच. सख्ख्या मेव्हण्यानं नकार दिला तर तो नकार तीन पत्तीपुरता राहत नाही, पुढच्या दिवाळीच्या फराळापर्यंत पोचतो.

दोन्ही पाहिलेलेच उरले की मात्र शो मागता येतो. दर अर्थातच दुप्पट. आणि कुतूहलावरच्या कराचा माझा सगळ्यात ठोस पुरावा इथे आहे. दोघांचे हात अगदी सारखे निघाले, एक्का-गुलाम-नव्वी इकडे आणि एक्का-गुलाम-नव्वी तिकडे, तर ढीग कुणाचा? निम्मा-निम्मा? नाही. ज्यानं शो मागितला नाही त्याचा. ज्यानं पैसे भरून विचारलं तो हरला. त्याचा गुन्हा एकच, त्याला राहवलं नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे, कारण तो सर्वोच्च न्यायालयाचा आहे. १९६७ साली आंध्रातल्या एका रमीच्या खटल्यात न्यायालयानं सांगितलं की रमीत कौशल्य मोठं, पानं लक्षात ठेवावी लागतात. पण फ्लश, ब्रॅग अशा नावांनी चालणारा तीन पानांचा खेळ म्हणजे निव्वळ नशीब. तेव्हापासून घराघरांतल्या रमीवाल्यांची मान ताठ आहे. ते तीन पत्तीच्या सतरंजीशेजारून जाताना असे जातात, जणू आपण बुद्धिबळाची स्पर्धा आटोपून आलोय. न्यायालयाशी वाद घालण्याची माझी पात्रता नाही आणि गरजही नाही. कुणाला कोणती पानं यावीत हे नशीबच. पण आलेली पानं उचलायची की नाही, हे मात्र माणसाच्या हातात आहे, आणि माणूस उचलतो. दर वेळी उचलतो. दर दुप्पट होणार हे पाठ असूनही उचलतो. यात कौशल्य नाही हे न्यायालयाचं म्हणणं शंभर टक्के खरं, पण नशीबही नाही. रमीवाल्यांचा तोरा मात्र २०२५ च्या ऑगस्टमध्ये जरा उतरला, कारण संसदेनं पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली तेव्हा कौशल्य आणि नशीब दोघांना एकाच माळेत ओवलं.

तिसरा आक्षेप पोकर शिकून आलेल्या पुतण्याचा. हा गोव्याला मांडवीतल्या बोटीवर एक रात्र काढून येतो आणि आल्यावर "तुमचा खेळ शास्त्रीय नाही काका" असं म्हणतो. त्याचं खरंही आहे. टेक्सास होल्डेममध्ये ब्लाइंड म्हणजे पत्ते वाटणाऱ्याच्या डावीकडच्या दोघांनी पानं येण्याआधी भरायची सक्तीची रक्कम, ती ज्याच्या-त्याच्या पाळीनं सगळ्यांवर येते. मग प्रत्येकानं आपली पानं पाहायची, दर सगळ्यांना सारखा, आणि शेवटी शो फुकट. बोली किती वाढवायची याचीही शिस्त. लिमिटमध्ये ठरावीक टप्प्यानं, पॉट-लिमिटमध्ये मधल्या ढिगाच्या मापानं, नो-लिमिटमध्ये समोर असेल ते सगळं. उत्तम व्यवस्था आहे. फक्त त्यात न पाहणाऱ्याला काही किंमत नाही, आणि न पाहणारा माणूस ज्या समाजात बहुसंख्य आहे तिथे असा खेळ रुजायचा कसा? न पाहणाऱ्याला निम्मा दर हा शोध आपला नाही हे मात्र कबूल केलं पाहिजे. ज्या विलायती थ्री कार्ड ब्रॅगशी तीन पत्तीचं नातं सांगतात, त्यातही ब्लाइंडला निम्माच दर आहे. इंग्रजांनी तर कहर केलाय, त्यांच्याकडे सर्वांत मोठा हात तीन एक्क्यांचा नसून तीन तिर्र्यांचा.

पुतण्या एवढ्यावर थांबत नाही. तो मोबाइलवर हिशेब करून दाखवतो की आपल्या हातांची क्रमवारीच चुकली आहे. ट्रेल, म्हणजे तीन सारखी पानं, सगळ्यात वर. पण ट्रेल ५२ प्रकारे लागते आणि एकाच रंगाची प्युअर सिक्वेन्स फक्त ४८ प्रकारे. दुर्मीळ ते मोठं असा नियम असेल तर प्युअर सिक्वेन्स वर हवी. सतरंजीवर क्षणभर शांतता पसरते. मग काका म्हणतात, "तीन दुर्र्या एकत्र आल्या ना, की बदामचा एक्का-बादशहा-राणी अख्खं घराणं आडवं होतं. महाराष्ट्रात राहून तुला हे कळत नाही?" पुतण्या मोबाइल खिशात ठेवतो. क्रमवारीचं दुसरं टोक मात्र निर्विवाद आहे. वेगवेगळ्या रंगांची दुर्री-तिर्री-पंजी, याहून छोटं काही नाही. दुर्री-तिर्री-चव्वी म्हटलं तर निदान सिक्वेन्स तरी होते.

मध्यरात्र उलटली की नियमांना पाय फुटतात. जो हरत असतो त्याची वाटायची पाळी आली की तो जाहीर करतो, "आता मुफलिस." म्हणजे सगळ्यात छोटा हात जिंकणार, कारण छोटे हात त्यालाच येताहेत. मुफलिस लागताच त्याला तीन बादशहा येतात. मग एके-फोर्टीसेव्हन, त्यात एक्का, बादशहा, चव्वी आणि सत्ती, सगळे मिळून १६ जोकर. कोणत्याही हातात निदान एक जोकर असण्याची शक्यता अडुसष्ट टक्क्यांच्या घरात, त्यामुळे ज्याला त्याला आपण आता जिंकलोच असं वाटतं आणि ज्याचा त्याचा चेहरा एकच गुपित लपवत असतो. यात एक जुना आक्षेपही निघतो, "हे कसलं खेळणं, पाडव्याला द्यूतप्रतिपदा म्हणतात ती याच्यासाठी का?" तो काढणाऱ्या काकू दारात उभं राहूनच तो काढतात, आणि सगळ्यांची पानं त्यांना तिथून दिसतात. त्या फुकट पाहतात. म्हणूनच खेळायला बसायला त्या कायम नाही म्हणतात.

आणि कराची शेवटची वसुली तर हरलेल्यांकडूनही होते. सगळ्यांनी पॅक केलं आणि एकटाच उरला, तर ढीग त्याचा, पानं दाखवायची सक्ती नाही. राण्यांची जोडी घेऊन सोळा बियांच्या चालीला मास्तरांनी हात टेकले आणि भावोजींनी ढीग ओढला, तेव्हा तसंच झालं समजा. खेळ संपला, बिया गेल्या, आता उरलं फक्त जाणून घेणं. सतरंजीवर सगळे पुढे सरकतात.

"भावोजी, काय होतं तुमच्याकडे?"

"मला काय माहीत? मी कुठं पाहिलंय?"

"मग आता बघा ना!"

"ज्याला बघायचं होतं त्यानं चाल द्यायची होती."

भावोजी पानं न पाहताच कॅटमध्ये घालायला जातात. तेवढ्यात पुतण्या झडप घालून ती उलटी करतो. किलवरची दुर्री, बदामची तिर्री, इस्पिकची पंजी. पाचही जण त्या पानांकडे बघत राहतात.

"तरी मला वाटलंच होतं," मास्तर म्हणतात.